नोकर आणि वंश : मंगोल व मराठे यांच्या लष्करी यशाची मीमांसा, तंजावरच्या संदर्भात

१

मराठीत ‘मोगल’ हा शब्द उच्चारला की वाचकाच्या डोळ्यांपुढे औरंगजेबाची छावणी उभी राहते. ज्या लोकांवरून हा शब्द आला ते मध्य आशियातील गवताळ प्रदेशाचे मंगोल मात्र आपल्या वाङ्मयात फारसे आलेले नाहीत. बाबराचे पितृकुळ तैमुराचे आणि मातृकुळ चंगीझखानाच्या चगताई शाखेचे. या नात्याने दिल्लीचे बादशहा मंगोलांचे वारस खरे; परंतु सतराव्या शतकात दख्खनमध्ये उतरलेली त्यांची फौज पूर्वजांच्या युद्धपद्धतीपासून फार दूर गेली होती. हलके घोडे, शीघ्र गती, शत्रूची रसद तोडणे, पळण्याचे सोंग करून त्यास ओढून आणणे या ज्या विद्यांवर तिच्या पूर्वजांनी अर्धे जग जिंकले, त्याच विद्या मराठ्यांनी तिच्यावर उलटविल्या. मंगोल आणि मराठे यांची तुलना करण्यास एवढे एक कारणही पुरेसे आहे.

ही तुलना नवी नाही, पण ती बहुधा एका शब्दापाशी येऊन थांबते. मंगोलांच्या बाबतीत तो शब्द ‘क्रौर्य’ हा असतो, मराठ्यांच्या बाबतीत ‘गनिमी कावा’. दोन्ही शब्द वस्तुस्थितीला धरून असले तरी कारण म्हणून अपुरे आहेत. क्रूर टोळ्या गवताळ प्रदेशात चंगीझखानापूर्वीही होत्या. डोंगरी मुलुखात दबा धरून लढणारे पाळेगार दख्खनमध्ये मराठ्यांपूर्वीही होते. त्यांतून साम्राज्य किंवा राज्य का उभे राहिले नाही, हा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न युद्धशास्त्राच्या अंगाने जितका, तितकाच वाङ्मयाच्या अंगाने विचारावयाचा आहे. विजय मिळविणाऱ्या समाजाने आपल्या विजयाची कोणती कारणे सांगितली, ती कोणत्या परिस्थितीत सांगितली आणि पुढे ती का बदलली, हे पाहावयाचे आहे. या चौकशीला तंजावर हे स्थळ विशेष सोयीचे आहे. मराठ्यांच्या लष्करी यशाचे दक्षिणेकडील टोक येथे आहे, त्या यशाची मर्यादाही येथेच दिसते, आणि त्या दोहोंचा वाङ्मयीन पुरावा याच परिसरात निर्माण झाला किंवा जतन केला गेला.

२

प्रथम मंगोलांकडे पाहू. १२०६ साली ओनोन नदीच्या काठी भरलेल्या कुरुलताईत तेमुजिनाला चंगीझखान ही पदवी मिळाली. १२७९ साली त्याचा नातू कुब्लाई याने दक्षिण चीनमधील सुंग राज्याचा शेवट केला. या सुमारे सत्तर वर्षांत कोरियापासून रशियापर्यंतचा प्रदेश मंगोलांच्या अंमलाखाली आला. या यशाची साधने सर्वपरिचित आहेत. लाकूड, शिंग व स्नायू यांपासून केलेले आखूड पण जबर पल्ल्याचे धनुष्य. स्वारामागे तीन ते पाच बदली घोडे. ‘नेर्गे’ नावाची मोठी हाकाऱ्याची शिकार, जिच्यात हजारो स्वारांना आज्ञेबरहुकूम वर्तुळ आवळीत आणण्याचा सराव होई. आणि ‘याम’ ही टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे ठेवणारी जासुदांची व्यवस्था. १२३७ ते १२४० या काळात रशियन संस्थाने एकामागून एक पडली त्याला त्यांची आपसातील फूट जितकी कारण झाली, तितकीच मंगोल तुकड्यांची ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पोचण्याची शिस्तही झाली. हवामानाचाही वाटा होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मंगोलियातील वृक्षवलयांच्या अभ्यासावरून १२११ ते १२२५ हा काळ तेथे असाधारण उबदार व सलग पावसाचा होता असे दिसते. पाऊस म्हणजे गवत आणि गवत म्हणजे घोडे, हा हिशेब उघड आहे.

परंतु धनुष्य, घोडा व गवत ही साधने गवताळ प्रदेशातील प्रत्येक टोळीपाशी होती. चंगीझखानाने निराळे काय केले, याचे उत्तर ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या तेराव्या शतकातील मंगोल ग्रंथात मिळते. हा ग्रंथ आज आपल्याला मिळतो तो चिनी अक्षरांत उतरवून घेतलेल्या मंगोल उच्चारांच्या रूपाने. म्हणजे एका भाषेचा ग्रंथ दुसऱ्या भाषेच्या लिपीने वाचविला आहे. त्यात रणांगणाची वर्णने थोडी आहेत. अधिक आहेत त्या विश्वासघाताच्या आणि इमानाच्या कथा. बाप मेल्यावर तेमुजिनाच्या कुटुंबाला भाऊबंद टाकून जातात. पुढे चोरीस गेलेल्या घोड्यांचा शोध घेताना बोओर्चू नावाचा एक अनोळखी तरुण त्याला मदत करतो, मोबदला नाकारतो आणि कायमचा साथीदार होतो. जेबे हा तर शत्रुपक्षाचा तिरंदाज; आपल्याच बाणाने खानाचा घोडा पडला हे तो उघड कबूल करतो आणि त्या सचोटीबद्दल त्याला सेनेत घेतले जाते. अशा साथीदाराला मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणत. नोकोर म्हणजे जन्माचे नाते नसताना स्वेच्छेने एखाद्या नायकाशी बांधून घेतलेला सोबती.

चंगीझखानाच्या लष्करी रचनेचे मर्म या शब्दात आहे. त्याने टोळ्या मोडल्या आणि दहा, शंभर, हजार व दहा हजार अशा दशमान पथकांत त्यांची माणसे वाटून टाकली. १२०६ साली अशी ९५ हजारी पथके सरदारांना नेमून दिल्याचे ‘गुप्त इतिहास’ सांगतो. १२०२ च्या तातार-युद्धात त्याने हुकूम काढला की जय पुरा होईपर्यंत कोणी लूट करू नये, लुटीची वाटणी मागाहून होईल. हा हुकूम मोडणारे त्याचे जवळचे भाऊबंदच होते, आणि त्यांच्याकडून लूट काढून घेण्यात आली. भाऊबंदांपेक्षा नोकोर वरचढ ठरला. चुलत्याच्या मुलापेक्षा हुकूम पाळणारा परका माणूस मोठ्या पदास चढू शकतो, ही गोष्ट त्या समाजात मूलगामी होती.

या यशाचा जुवैनी हा इराणी इतिहासकार जो अर्थ लावतो तोही लक्षात घेण्यासारखा आहे. जुवैनी हुलागूच्या पदरी होता आणि ज्यांनी त्याचा देश उद्ध्वस्त केला त्यांचा इतिहास तो १२६० च्या सुमारापर्यंत लिहीत होता. ईश्वरी कोप हे एक कारण तो देतो; ते पराभूतांच्या वाङ्मयात सर्वत्र येते. पण त्याचबरोबर मंगोल सैन्याच्या शिस्तीचे वर्णन तो विलक्षण बारकाईने करतो: हे सैन्य म्हणजे शस्त्र धरणारी रयतच आहे, युद्धात लढते आणि शांततेत करही भरते, असा त्याचा आशय. धर्मश्रद्धेने पराभवाचे समाधान शोधणारा लेखक संघटनेकडे मात्र कारभाऱ्याच्या नजरेने पाहतो.

३

आता मराठ्यांकडे वळू. मराठी लष्करी यशाची जी पहिली विस्तृत मराठी मीमांसा आपल्यापाशी आहे ती महाराष्ट्रात लिहिली गेली नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. कृष्णाजी अनंत सभासद यांची बखर १६९७ साली जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. तमिळ मुलुखातील राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रायनदुर्ग या तीन टेकड्यांवर पसरलेला तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतला होता. १६९० पासून झुल्फिकारखान त्याला वेढा घालून बसला होता आणि १६९८ च्या आरंभी तो मोगलांच्या हाती पडला. म्हणजे ही बखर वेढ्याच्या शेवटच्या पर्वात, राजाने किल्ला सोडण्यापूर्वी थोडेच दिवस लिहिली गेली.

हा संदर्भ लक्षात घेतला म्हणजे बखरीचे स्वरूप उलगडते. अफजलखानाचा वध, आग्र्याहून सुटका इत्यादी प्रसंग तिच्यात आहेत. परंतु त्यांच्यामध्ये लेखक पुनःपुन्हा थांबतो आणि व्यवस्था सांगतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवाल्यांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. दर पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तिघे अधिकारी, जेणेकरून एकाला एकट्याने फितुरी करता येऊ नये. शिवाय कोठाराचा हिशेब पाहणारा कारखानीस. पावसाळ्याचे चार महिने लष्कर छावणीत, दाणा-वैरण व निवारा आधीपासून तयार, दसऱ्यास कूच, जाताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी आणि परतल्यावर तिच्याशी ताळा करून जास्तीची लूट सरकारजमा. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण असू नये. बखरीच्या शेवटी तर गडांची, घोड्यांची व खजिन्याची मोजदादच येते. जुवैनीने परक्या विजेत्यांत जे पाहिले तेच सभासद आपल्या राज्यात पाहतो. वेढ्यात सापडलेल्या तरुण राजाला थोर पित्याचे चरित्र सांगावयाचे, तर राज्य कसे उभे राहिले हे सांगणे जितके अगत्याचे, तितकेच ते कशाने चालते हे सांगणेही अगत्याचे होते. सभासदाने तेच केले असे म्हणता येते.

लुटीविषयीचा नियम आणि १२०२ चा मंगोल हुकूम यांचे साम्य सहज ध्यानी येते. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: लूट स्वाराची की राज्याची? ती स्वाराची असेल तर पहिली गोणी हाती लागताच सैन्य विखुरते. ती राज्याची असेल तर स्वार नियमित पगारावर अगर ठरलेल्या वाटणीवर जगतो आणि सैन्य सैन्य राहते. शिवाजी महाराजांनी शक्य तेथे रोख वेतनाचा आग्रह धरला आणि सरकारी घोड्यावरील बारगिराला स्वतःचा घोडा आणणाऱ्या शिलेदारापेक्षा अधिक भरवशाचा मानले, त्याचे कारण हेच.

चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस महाराजांनी पाठविलेले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्या पत्रात शौर्याचा उल्लेख नाही; चिंता आहे ती दाण्याची आणि गवताची. साठविलेली वैरण आताच संपली तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग लोक रयतेकडून ओरबाडू लागतील. कोणी आगटी करील, कोणी दिवा जळत ठेवील, उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजी पेटतील. ओनोनच्या काठी जे गवत आपोआप उगवत होते ते सह्याद्रीच्या पायथ्याशी कापून, रचून, राखून ठेवावे लागत होते. मंगोलांच्या निसर्गाने जे दिले ते मराठ्यांना कारभाराने मिळवावे लागले, असा फरक येथे करता येईल. म्हणूनच मंगोलांच्या इतिहासात किल्ल्याला जे स्थान नाही ते मराठ्यांच्या इतिहासात आहे. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ ही कृती १७१५ च्या सुमारास सिद्ध झाली. राजाराम महाराज जिंजीस असताना महाराष्ट्राचा भार याच पंतांनी वाहिला होता. किल्ला हे राज्याचे सार आहे हा तिचा सिद्धांत सत्तावीस वर्षांच्या लढ्याच्या अनुभवातून निघालेला आहे. घोडदळ धावू शकते ते त्याच्या पाठीशी धान्य आणि पाणी सांभाळणारा गड असतो म्हणून.

४

या ठिकाणी भाषेचा पुरावा पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्या लष्करी परिभाषेतील ‘हजारी’ हा शब्द फारसी. पण हजारांचे पथक ही कल्पना फारसी कारभारात मंगोलांच्या ‘मिंगान’मुळे दृढ झाली आणि मनसबदारीच्या वाटेने दख्खनमध्ये पोचली. मराठ्यांचा हजारी प्रत्यक्षात साडेबाराशे स्वारांचा होता, कारण मराठी रचनेचा पाया दहाचा नसून पंचवीसचा होता. नाव जुने राहिले, आशय स्थानिक गरजेप्रमाणे बदलला. ‘दारोगा’ हा शब्द मंगोल ‘दारुगा’, म्हणजे जिंकलेल्या नगरावर नेमलेला अंमलदार, यावरून आला आहे. ‘बहादूर’, ‘बहाद्दर’ यांच्या मुळाशी ‘बघातुर’ आहे. आणि ज्या ‘नोकोर’ शब्दाचा वर उल्लेख केला, तोच फारसीतून आपल्याकडे ‘नोकर’ म्हणून आला.

सोबती, मग पदरचा शिपाई, मग वेतन घेणारा सेवक आणि अखेर घरगडी असा या शब्दाचा अर्थ उतरत गेला आहे. परंतु सतराव्या शतकातील मराठीत ‘नोकरी’ या शब्दाची प्रतिष्ठा अजून शाबूत होती, आणि तिच्या विरुद्ध उभा असलेला शब्द होता ‘वतन’. वतन जन्माने मिळते, वंशात उतरते, त्याला धन्याच्या मर्जीची फारशी गरज नसते. नोकरी धन्याने द्यावयाची आणि चाकराने सिद्ध करावयाची. वतनदार म्हणजे लहान प्रमाणावरचे राजेच, असा इशारा ‘आज्ञापत्र’ देते. चंगीझखानाने टोळी मोडून नोकोर पुढे आणला. शिवाजी महाराजांनी वतनाची ताकद आवरून नोकरी पुढे आणली. दोहोंच्या लष्करी यशाचा समान पाया शोधावयाचा तर तो घोड्याच्या पाठीवर सापडण्यापेक्षा या शब्दाच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडतो.

रघुनाथपंत हणमंते यांच्या ‘राजव्यवहारकोशा’चाही येथे विचार केला पाहिजे. रघुनाथपंत प्रथम तंजावरच्या व्यंकोजीराजांचे कारभारी होते. तेथे न पटून ते महाराजांकडे आले आणि कर्नाटकच्या मोहिमेचे एक मुख्य सूत्रधार झाले. या कोशात कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत आणि त्याच्या दहा वर्गांत शस्त्र, चतुरंग सैन्य व दुर्ग यांचे स्वतंत्र वर्ग आहेत. लष्करी यशाला आपली भाषा असावी ही जाणीव त्यामागे आहे. तरीही हवालदार, जुमला, हजारी हे शब्द व्यवहारातून गेले नाहीत. जिच्यातून विद्या घेतली त्या परंपरेचे शब्द विद्येबरोबर राहतात.

या सर्वाला दुसरी बाजू आहे. संभाजी महाराजांच्या वधानंतर, १६८९ पासून, राज्य टिकविण्यासाठी सरदारांना मुलूख तोडून देण्याची आश्वासने द्यावी लागली आणि वतन-सरंजाम पुन्हा वाढले. जिंजीच्या दरबारातून निघालेल्या अशा सनदांमुळेच अनेक पथके औरंगजेबाविरुद्ध उभी राहिली, हेही नाकारता येत नाही. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी १६९२ च्या अखेरीस कर्नाटकात उतरून अलीमर्दानखानास पकडले, रसद तोडली आणि वेढा घालणाऱ्या झुल्फिकारखानालाच वेढ्यात कोंडले. १६९३ च्या आरंभी त्यास वांदिवाशपर्यंत मागे हटावे लागले. हा विजय स्वतंत्र वृत्तीच्या सेनापतींचा होता. म्हणजे नोकरीने जे राज्य उभारले ते संकटात वतनाच्या आशेवर टिकले. कारणांची ही गुंतागुंत मान्य केली नाही तर मीमांसा केवळ नीतिकथा होईल.

५

आता भूमीचा प्रश्न. मंगोलांची सेना जेथे जेथे थांबली तेथील भूगोल पाहिला तर एक सूत्र दिसते. १२६० साली हुलागूने सीरियातून आपले मुख्य सैन्य मागे नेले आणि मागे राहिलेल्या तुकडीचा ऐन जालूत येथे मामलुकांनी पराभव केला. खानपदाचा वारसाहक्काचा तंटा हे माघारीचे एक कारण. पण हुलागूने स्वतः १२६२ साली फ्रान्सच्या राजाला पाठविलेल्या पत्रात वैरणीची टंचाई हे कारण दिले आहे. व्हिएतनाममध्ये १२८८ साली बाख दांग नदीवर आणि १२९३ साली जावात त्यांना हार खावी लागली. नद्या, भातखाचरे, दमट उष्णता आणि समुद्र यांपुढे घोडेस्वार असहाय होत. दक्षिण चीन त्यांनी जिंकला, पण शियांगयांग या नदीकाठच्या नगराला १२६८ ते १२७३ असा दीर्घ वेढा घालून, आरमार बांधून आणि इराणी कारागिरांकडून दगड फेकणारी प्रचंड यंत्रे करवून घेऊन. तेथे विजय मिळाला तो मंगोल मंगोल राहिले नाहीत म्हणून.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश याच जातीचा आहे. कालवे, पाट, बांध आणि वर्षाचा मोठा काळ पाण्याखालील भातशेत. येथे घोड्याची पैदास होत नाही. १२९२ च्या सुमारास मार्को पोलो हा व्हेनिसचा प्रवासी कुब्लाईच्या दरबारातून इराणला जाणाऱ्या राजकन्येच्या लवाजम्यासह समुद्रमार्गे चालला असता या किनाऱ्यावर आला. येथील राजे दरसाल हजारोंनी घोडे अरबस्तानाकडून विकत घेतात आणि वर्षाअखेर त्यांतील थोडेच जगतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. मंगोलांचा या भूमीशी संबंध आला तो व्यापाराचा. चीनमधील छ्वेनचौ बंदरात तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेल्या शिवमंदिराचा १२८१ सालचा तमिळ शिलालेख आहे, आणि त्यात खानाच्या आज्ञापत्राचा उल्लेख आहे. ज्या तमिळ भूमीला मंगोल घोडा कधी पोचला नाही तिच्या भाषेत मंगोल खान असा पोचला.

मराठ्यांचा घोडा मात्र येथे आला. तंजावरचा विजयराघव नायक १६७३ साली मदुरेच्या चोक्कनाथ नायकाशी लढताना मारला गेला. पुढे चोक्कनाथ आणि त्याने तंजावरास नेमलेला त्याचा भाऊ अळगिरी यांच्यात बेबनाव झाला. या फुटीचा लाभ घेऊन विजापूरच्या वतीने आलेल्या व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. खारिझम आणि रशिया येथे मंगोलांना जे कारण उपयोगी पडले तेच, म्हणजे शत्रूचा अंतर्गत कलह, येथेही प्रधान होते.

दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांची दक्षिण दिग्विजयाची मोहीम झाली. भागानगरला कुतुबशहाशी तह, त्याच्याकडून पैसा व तोफखान्याची मदत, मग जिंजी, मग शेरखान लोदीचा पराभव, असा वेग होता. पण वेलोरचा पाण्याने भरलेला खंदक वेगाला दाद देईना. तो कोट १६७८ च्या पावसाळ्यात, वर्षाहून अधिक काळच्या वेढ्यानंतर आला. जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे बंधुभेट झाली; वाटणीचा प्रश्न सुटला नाही आणि व्यंकोजीराजे रात्रीच नदी ओलांडून परत गेले. महाराजांनी उत्तरेकडील मुलूख घेतला, पण कोळ्ळिडम ओलांडून तंजावरावर चाल केली नाही. नात्याचा संकोच हे कारण होतेच. परंतु ते महिने कावेरी-कोळ्ळिडमला पूर येण्याचे असतात आणि पलीकडे घोडदळाला पसरण्यास मोकळी भूमी नाही, हेही विसरता येत नाही. नोव्हेंबरात व्यंकोजीराजेच नदी ओलांडून आले. वालिकोंडपुरमजवळ दिवसा त्यांची सरशी झाली आणि रात्रीच्या छाप्यात तीच सेना मोडली. मोकळ्या रानात जुनी विद्या पुन्हा उपयोगी पडली.

६

तंजावरचे भोसले घराणे पुढे पावणेदोनशे वर्षे राहिले. संगीत, नृत्य, बहुभाषी नाटके, वैद्यक आणि ग्रंथसंग्रह या क्षेत्रांतील त्याची कामगिरी विख्यात आहे. लष्करी दृष्टीने मात्र ते विलक्षण अडचणीत होते. उत्तरेची मराठी फौज अधूनमधून येई. १७४० साली रघूजी भोसल्यांनी दमलचेरीच्या खिंडीत दोस्तअलीखानास मारले आणि १७४१ साली त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले. तंजावरच्या राज्याला त्यामुळे श्वास घेता आला. १७५२ साली तंजावरचा सेनापती मानाजी याच्या हाती चंदासाहेब पडला व मारला गेला. १७५८ साली फ्रेंच सेनापती लाली याला तंजावरचा वेढा उठवून जावे लागले. परंतु या सर्व काळात किनारा दुसऱ्यांचा होता. तरंगंबाडी १६२० पासून डेनांची, नागपट्टण १६५८ पासून डचांचे, कारैकल १७३९ पासून फ्रेंचांचे आणि देवीकोट्टै १७४९ पासून इंग्रजांची. मंगोलांनी दक्षिण चीनमध्ये जे केले, म्हणजे भूमीला अनुसरून स्वतःची युद्धविद्या बदलली, ते येथे घडले नाही. पश्चिम किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी व आंग्र्यांनी जे आरमार उभारले तसे कावेरीच्या मुखाशी उभे राहिले नाही, आणि तोफखाना व कवायती पायदळ यांसाठी राज्याला कोणा ना कोणा परकीयावर विसंबावे लागले. १७७३ साली नबाब व कंपनी यांनी तंजावर घेतले. १७७६ साली ते परत मिळाले ते कंपनीच्या निर्णयाने. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांपाशी किल्ल्यापुरती सत्ता उरली.

या तहानंतर चारच वर्षांनी, १८०३ साली, बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. मराठीतील सर्वांत विस्तृत शिलालेख म्हणून तो प्रसिद्ध आहे. सभासदाच्या बखरीशेजारी तो ठेवून वाचला तर मीमांसेचे केंद्र किती सरकले हे दिसते. बखरीत यशाची कारणे पथके, कोठारे, पहारे आणि हिशेब यांत आहेत. शिलालेखाचा कणा वंशावळ हा आहे. पूर्वजांचे पुण्य, देवतेचा प्रसाद, पिढ्यांची परंपरा यांतून पराक्रम उगवतो. नोकराची जागा वंशाने घेतली. हे अवनतीचे लक्षण म्हणून हिणविण्याचे कारण नाही. १८०३ साली सरफोजींपाशी लष्कर नव्हते. वारसा होता, आणि त्या वारशाचा हक्क कंपनीपुढे व प्रजेपुढे मांडावयाचा होता. वेढ्यातील राजाला व्यवस्था हवी होती, सत्ता गेलेल्या राजाला वंश हवा होता. दोन्ही ग्रंथ आपापल्या गरजेला प्रामाणिक आहेत.

याच मंदिराच्या भिंतींवर आठशे वर्षे आधीचे चोळांचे तमिळ लेख आहेत. राजराज चोळाच्या काळच्या त्या लेखांत, देवस्थानच्या व्यवहारात सहभागी झालेली म्हणून, सैन्यातील कितीतरी पथके नावानिशी येतात. आणि राजेंद्राच्या लेखात १०२५ च्या सुमाराच्या समुद्रापलीकडील स्वारीत जिंकलेल्या कडारम् आदी नगरांची मालिका येते. कावेरीच्या भूमीतून उपजलेले लष्करी यश पायदळाचे, हत्तींचे आणि जहाजांचे होते. हे लेख देवस्थानचे करार व प्रशस्ती आहेत, युद्धमीमांसा नव्हेत, हे खरे. तरीही पथकांची नावे दगडावर कोरणारे राज्य आणि पूर्वजांची नावे कोरणारे राज्य यांतील अंतर अभ्यासकाला पुष्कळ सांगून जाते.

७

निष्कर्ष थोडक्यात मांडता येतील. मंगोल व मराठे यांचे लष्करी यश घोड्यावर उभे दिसते, पण त्याचा पाया जन्मसंबंधाहून वरचढ अशा सेवासंबंधाचा, लुटीला लावलेल्या शिस्तीचा आणि चाऱ्याच्या हिशेबाचा होता. शत्रूची फूट ही दोघांनाही लाभलेली संधी होती. ती साधण्याचे सामर्थ्य संघटनेतून आले. जेथे भूमी बदलली तेथे युद्धविद्या बदलणे भाग होते. मंगोलांनी दक्षिण चीनमध्ये ते साधले, जावात साधले नाही. मराठ्यांनी कोकणात साधले, कावेरीकाठी साधले नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, विजयाची कारणे सांगणारा प्रत्येक ग्रंथ स्वतःच्या क्षणाला बांधलेला असतो. ‘गुप्त इतिहास’, जुवैनी, सभासद, ‘आज्ञापत्र’ आणि तंजावरचा शिलालेख यांना एकाच तराजूत घालून कोण खरा आणि कोण खोटा असे विचारण्यापेक्षा, कोणी कोणासाठी व कोणत्या संकटात लिहिले हे आधी विचारले पाहिजे. परमानंदांचे ‘शिवभारत’ आणि जयराम पिंड्यांचे ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ ही संस्कृत काव्ये ज्या सरस्वती महालाने आपल्यासाठी राखली, त्याच संग्रहात तंजावर दरबाराच्या मोडी कागदांची मोठी रास आहे. त्यातील पागेचे, शिबंदीचे व कोठीचे हिशेब तमिळ जाणणाऱ्या आणि मोडी जाणणाऱ्या अभ्यासकांनी एकत्र बसून या प्रश्नासाठी वाचले, तर शिलालेखाने जे सांगितले नाही ते त्या कागदांतून कळण्याचा संभव पुष्कळ आहे. तुलनात्मक साहित्याभ्यासाने हाती घ्यावे असे हे काम आहे.